कुबडीचे ब्रेक आणि डॅग्नीचा होकार

आपल्याला आयुष्यात तीनच गोष्टी धड येतात, असं डॅग्नी स्वतःच सगळ्यांना सांगायची. पाल्टचे गोळे करणं, लोकरीचे हातमोजे विणणं आणि गाडीचा ब्रेक दाबून धरणं. त्यातले पाल्टचे गोळे, बटाटा आणि जवाच्या पिठाचे, आत डुकराच्या मांसाचे तुकडे भरलेले, तिच्या पातेल्यात दहातले दोन हटकून फुटायचे. हातमोज्यांच्या जोडीत डावा उजव्यापेक्षा बोटभर मोठा निघायचा, आणि गावातली अर्धी माणसं हिवाळाभर डावा हात खिशात घालून फिरायची. राहता राहिला ब्रेक. त्याची मात्र तिला खात्री होती. पाय खाली, पाय वर, त्यात चुकायला आहे काय? आणि नेमकं तिथंच सत्तराव्या वर्षी तिचं नाक कापलं गेलं.

डॅग्नीचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता पोचलाच नव्हता अशा चार घरांच्या वाडीतला. रस्ता पोचला तो ती घर सोडून निघाली त्या वर्षी. ती म्हणायची, मी जाणार हे कळल्यावर सरकारला धीर आला. शाळा एक दिवसाआड, मधल्या दिवशी गुरं. अशी सहा वर्षं केली, म्हणजे खरी तीनच. सतराव्या वर्षी ती लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकाला लागली. अठरा पुरुष आणि ही एकटी. पहाटे चारला चूल पेटवायची, लापशी, डुकराचं मांस, काळी कॉफी. अठरा जणांत मिळून दिवसाला अठरा शब्द बोलले जात नसत. जेवण आवडलं का, असं पहिल्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हा अठरा तोंडांतून एकदम एकच आवाज आला. श्शुप्.

आमच्या नदीकाठी ‘हो’ म्हणायला तोंड उघडत नाहीत. ओठ चंबूसारखे करायचे आणि श्वास आत ओढायचा, बशीतला गरम चहा ओढावा तसा. झाला होकार. एवढ्या थंडीत तोंड उघडून आतली ऊब कशाला बाहेर घालवा, असा जुन्या माणसांचा हिशेब असणार. बाहेरच्या माणसाला मात्र वाटतं की समोरच्याला धाप लागली. दक्षिणेकडून आलेली एक नवी नर्स डॅग्नीला एकेक प्रश्न विचारत गेली, ही एकेकाला श्शुप् म्हणत गेली, आणि शेवटी त्या पोरीनं घाबरून हिची नाडीच धरली.

त्या तळावरच तिला हेल्मर भेटला. अठरांतला सगळ्यात गप्प. करवत चालवायचा, म्हणजे ती नवी पेट्रोलवरची, कानाशी दिवसभर किंचाळणारी. त्यानं जवळच्या गावातल्या म्हाताऱ्या सुईणीकडून एक जुनी गाडी घेतली होती. करड्या हिरव्या रंगाची, पाठीला पोक आलेली. सगळे तिला कुबडी म्हणत. एका रविवारी त्यानं डॅग्नीला कुबडीत बसवलं आणि नदीवर नेलं. फेरीबोट पलीकडच्या काठावर होती. इंजिन घरघरत होतं. हेल्मर समोर पाण्याकडे बघत म्हणाला, “घर बांधायला घेतोय. दोघांपुरतं बांधू का?”

डॅग्नीनं लगेच होकार दिला. श्शुप्.

बोट आली, ते पलीकडे गेले, परत आले. पुढचे तीन आठवडे हेल्मर कॉफी घ्यायलासुद्धा तिच्यासमोर आला नाही, दुसऱ्याला पाठवायचा. चौथ्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, नसेल मनात तर तसं सांग, म्हणजे मी एकट्यापुरतं बांधतो. डॅग्नी म्हणाली, मी नदीवरच हो म्हटलं होतं. हेल्मरनं थोडा विचार केला, टोपी डोक्यावर ठेवली आणि घर दोघांपुरतं बांधलं.

हा किस्सा डॅग्नी पुढे प्रत्येक लग्नात, बारशात, वाढदिवसाला सांगायची. बाई, माझा नवरा असा, की बायकोचा होकारसुद्धा ज्याला ऐकू आला नाही. सगळे हसायचे. हेल्मरही मान खाली घालून, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे बुडवत हसायचा. कधी काही बोलला नाही.

कुबडीचे ब्रेक पहिल्यापासून कमजोर. पॅडल दाबलं की मऊ मऊ खाली जायचं, लोण्यात बोट घालावं तसं. दोनदा पटापट मारलं की जरा कडक व्हायचं आणि मग गाडी मनात येईल तेव्हा थांबायची. हेल्मर दर वसंतात, बर्फ वितळलं की, गाडी जॅकवर चढवायचा आणि ब्रेकमधली हवा काढायचा. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाच्या मागे पान्यानं निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचं. ब्रेक ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. मग निपल घट्ट, आणि त्यानंतरच वरच्यानं पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला, तर बाहेर गेलेली हवा पाहुण्यासारखी परत आत येऊन बसते.

हेल्मर खालून म्हणायचा, “दाब.” डॅग्नी दाबायची आणि सांगायची, श्शुप्. खालून “हं?” असा आवाज यायचा. ती समजायची, तो ‘बरं’ म्हणतोय. मग ती मनात मोजायची. आठपर्यंत. आठच का, तर हातमोज्यावरची नक्षी आठ टाक्यांची होती आणि तिला तेवढंच मोजायची सवय. आठ झाले की एवढ्यात त्यानं उरकलं असणार, असं म्हणून ती पाय उचलायची. चारही चाकं झाली की हेल्मर बाहेर यायचा, पॅडल दाबून बघायचा, गाल फुगवायचा आणि म्हणायचा, या गाडीचे असेच आहेत, आपण लवकर निघत जाऊ.

आणि ते लवकर निघत गेले. तीस-बत्तीस वर्षं. हेल्मर ताशी पन्नासच्या वर कधी गेला नाही. चर्चच्या उतारावर तर तो दुसऱ्या गिअरमध्ये असा उतरायचा की मागे वीस गाड्यांची मिरवणूक लागायची. लोक म्हणायचे, पुढे हेल्मर दिसतोय, कॉफीचा थर्मास काढा. डॅग्नीला त्याची लाज वाटायची. घरी आल्यावर ती त्याला ऐकवायची की माझ्या भावाची गाडी बघ कशी टाचणीवर थांबते. हेल्मर ऐकून घ्यायचा.

निवृत्त झाल्यावर त्यानं कुबडी शेडमध्ये घेतली आणि पूर्ण सोडवली. नव्यासारखी करायची होती. एकेक भाग घासून, रंगवून, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भरला आणि प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून पेन्सिलीनं लिहिलं, आत काय आहे आणि काय लक्षात ठेवायचं. डबे एकशे बारा झाले. मग एक दिवस त्याचा डावा हात उचलेना, पुढच्या वर्षी पाय, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो गेला. कुबडी डब्यांतच राहिली.

चार वर्षं डॅग्नी शेडच्या दाराकडे बघत नव्हती. पाचव्या हिवाळ्यात एक दिवस ती आत गेली ती झाडायला म्हणून, आणि पहिला डबा उघडून बसली. शेजारी आल्गोत राहायचा. बहात्तर वर्षांचा, लग्न न केलेला, जन्मभर रस्त्यावरचं बर्फ सारणारं यंत्र चालवलेला. वरच्या ओठाखाली सतत तंबाखूची पुडी, त्यामुळे आधीच कमी बोलणाऱ्याला आणखी एक कारण. तो दारात येऊन उभा राहिला. डॅग्नीनं विचारलं, येतं का तुला यातलं काही? श्शुप्, आल्गोत म्हणाला. तीन हिवाळे दोघांनी मिळून कुबडी जोडली. त्या तीन हिवाळ्यांत आल्गोत जे काही बोलला, ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

एकच डबा त्यांना नडला. त्यात ब्रेकची चार निपलं होती आणि पट्टीवर हेल्मरनं लिहिलं होतं: ‘निपल ४. डॅग्नी ऐकू येत नाही. दहा मोजणे.’

डॅग्नीनं ते वाचलं आणि तिला राग आला. डॅग्नीला ऐकू येत नाही म्हणे. त्यातला ‘ला’ हेल्मरनं खाल्ला होता. त्याचं शुद्धलेखन असंच, शाळा त्याचीही एक दिवसाआडची, पण उलट्या दिवशीची असावी. आणि ब्रेकच्या डब्यावर बायकोच्या कानांचं गाऱ्हाणं लिहायचं कारण काय? तरी मनात शंका नको म्हणून ती बसनं दवाखान्यात जाऊन कान तपासून आली. नर्स म्हणाली, चाळिशीतल्या बाईचे असावेत असे कान आहेत. डॅग्नी परत येऊन पट्टीकडे बघून म्हणाली, घे. दुसरी गंमत त्या दहाची. निपलं चारच, आणि हा सांगतो दहा मोज. म्हणजे सहा हरवली. दोघं म्हातारे दोन दिवस शेडच्या जमिनीवर रांगत ती सहा निपलं शोधत होते. शेवटी आल्गोत चाकांकडे बघत बसला आणि म्हणाला, “चाकं चार.” डॅग्नीला ते पटायला अर्धा दिवस लागला.

मे महिन्यात कुबडी उभी राहिली. चकचकीत, करडी हिरवी, पोक तेवढंच. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा आल्गोतनं चक्क टोपी काढली. आणि डॅग्नीनं आत बसून ब्रेक दाबला, तर पॅडल मऊ मऊ खाली गेलं. लोण्यात बोट. तिला क्षणभर वाटलं, हेल्मर शेजारी बसलाय.

त्याच आठवड्यात रोलँडचा फोन आला. रोलँड तिचा मुलगा, वीस वर्षं स्टॉकहोममध्ये. त्याला तिकडे जुन्या गाड्या जमवणारा एक चांगला माणूस भेटला होता. तो कुबडीला गरम शेडमध्ये ठेवणार होता, पुसणार होता. रोलँडचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आई, तू सत्तर वर्षांची, गाडी जवळजवळ तेवढीच, आणि चर्चच्या उताराखाली पूल आहे. मला रात्री झोप लागत नाही. डॅग्नी चिडली नाही. पण ही गाडी गेली की नदीवरचा तो रविवार, दोघांपुरतं घर, मागची वीस गाड्यांची मिरवणूक, सगळं दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन पडणार होतं, आणि तो भला माणूस ते पुसत बसणार होता. शेवटी दोघांचं ठरलं. शुक्रवारपर्यंत कुबडी सरकारी तपासणीत पास झाली तर ती डॅग्नीची. नाही झाली, तर शनिवारी रोलँड ट्रेलर घेऊन येईल आणि आई एक शब्द बोलणार नाही. डॅग्नीनं शब्द दिला, आणि आमच्याकडे दिलेला शब्द आणि गोठलेली नदी, दोन्हींवरून ट्रक जातो.

मंगळवारी ती कुबडी घेऊन शहरात तपासणीला गेली. दुसऱ्या गिअरमध्ये, मागे आल्गोत त्याच्या गाडीचे दिवे लुकलुकवत, त्याच्यामागे मिरवणूक. तपासणीवाली पेर्निला म्हणून एक तरुण मुलगी होती, दक्षिणेकडची, जिच्या तोंडातून शब्द नळासारखे पडायचे. आमच्याकडे डॉक्टरपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना तूच म्हणतात, तेव्हा तीही डॅग्नीला तूच म्हणाली. तिनं पुढची चाकं फिरत्या रुळांवर चढवली, मग मागची, काटा बघितला आणि म्हणाली, “गाडी फार सुंदर केलीयस गं. पण ही थांबत नाही. पॅडल स्पंजसारखं आहे, आत हवा राहिलीय. शुक्रवारी परत ये.”

बुधवारी दोघांनी शेडचं दार लावून घेतलं. आल्गोतनं बोटांवर तीन दोष मोजले. कुठेतरी ऑइल गळतंय, किंवा ब्रेक शू ड्रमपासून लांब राहिलेत, किंवा हवा. आधी चारही चाकांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि पॅडल पन्नास वेळा मारलं. कागद कोरडे. ड्रम काढले. लायनर कोरडे, डाग नाही. मग एकेक शू बाहेर घेत आणला, चाक फिरवताना जरा घासल्याचा आवाज येईपर्यंत, आणि किंचित मागे घेतला. डॅग्नीनं ब्रेक दाबला तेव्हा आल्गोतनं रबरी नळ्यांना हात लावून बघितलं, कुठे फुगते का. नाही. शेवटी पुन्हा हवा काढली. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मागचं उजवं, मागचं डावं, मग पुढची. खाली आल्गोत, वर डॅग्नी. दाब, श्शुप्. आठ मोजले की पाय वर. अर्धी बाटली ऑइल संपलं. पॅडल दाबलं. लोणी.

संध्याकाळी आल्गोतला ब्रेकचं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा संशय आला. नवा बसवला म्हणून चांगलाच असेल असं नाही, म्हणाला. गेल्या हिवाळ्यातल्या सगळ्या बोलण्यापेक्षा हे वाक्य मोठं होतं, त्यावरून डॅग्नीनं ओळखलं की आता आशा संपत आली. दुसरा सिलिंडर मागवायचा तर यायलाच आठवडा.

गुरुवारी सकाळी तिनं पाल्ट केले. काही सुचेनासं झालं की ती पाल्ट करते. दहातले तीन फुटले. आल्गोत सात खाऊन उठला, आणखी एकदा हवा काढून बघू म्हणून कुबडीखाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. कमरेत उसण भरली होती. डॅग्नीनं त्याला काटकोनातच चालवत नेलं आणि मागे सरकवत गाडीच्या सीटवर बसवलं. बसल्यावर त्याला बरं वाटलं, पण उठायचं नाव नको.

मग डॅग्नी शेडच्या कोपऱ्यातली चिंध्यांची सतरंजी घेऊन आली. तिनंच विणलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, हेल्मरच्या जुन्या सदऱ्यांची. हेल्मर गाडीखाली हीच अंथरून पडायचा. ती अंथरली, गुडघे मोडले, देवाचं नाव घेतलं आणि सत्तर वर्षांची डॅग्नी पाना घेऊन मागच्या उजव्या चाकापाशी आडवी झाली. जन्मात पहिल्यांदा ती त्या बाजूला गेली होती.

“दाब,” ती म्हणाली.

वरून काही नाही.

तिनं वाट बघितली. दाबलं असेल का? स्प्रिंग जराशी कुरकुरली खरी. की आल्गोतनं सीटवर नुसती कूस बदलली? “दाबलंस का?” काही नाही. उघडावं का? उघडलं आणि त्यानं दाबलंच नसलं तर? की दाबून आता सोडतोय? “आल्गोत?” काही नाही. उसण वर चढून हृदयापर्यंत गेली की काय, अशी शंका येऊन ती कोपरांवर सरकत बाहेर आली आणि दाराच्या फटीतून तिनं डोकं वर काढलं. आल्गोत शांत बसला होता, तंबाखूची पुडी ओठाखाली, पाय पॅडलवर.

“मेलास का रे?”

आल्गोतनं तिच्याकडे जरा रागानं बघितलं. “हो म्हणालो की,” तो म्हणाला. “तीनदा.”

डॅग्नी तशीच अर्धी बाहेर, अर्धी आत पडून राहिली. मग तिची नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. तिनं उठून तो आणला, चष्मा लावला आणि पट्टी वाचली. डॅग्नी ऐकू येत नाही. दहा मोजणे.

हेल्मरनं ‘ला’ खाल्लेला नव्हता. शुद्धलेखन बरोबर होतं. डॅग्नी ऐकू येत नाही. खाली पडलेल्या, करवतीनं अर्धे कान गेलेल्या माणसाला वरची डॅग्नी ऐकू येत नाही. म्हणून तो बिचारा दहा मोजायचा आणि देवाच्या भरवशावर निपल उघडायचा. आणि वर ही आठ मोजून पाय उचलायची. आठ आणि दहाच्या मधे बत्तीस वसंत हवा आतच बसून राहत होती. मागची मिरवणूक, लवकर निघणं, लाज, भावाच्या गाडीचे टोमणे, सगळं त्या दोन आकड्यांत.

ती सतरंजीवर बसून हसायला लागली. आल्गोतला हसता येत नव्हतं, हसलं की कमरेत कळ यायची, म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. हसता हसता तिला तो नदीवरचा रविवार आठवला आणि मग हसू जरा वेगळ्याच अंगाला गेलं. इंजिन घरघरतंय, हेल्मर पाण्याकडे बघतोय, कान आधीच निम्मे गेलेले, आणि ही शेजारी बसून हवा पितेय. तीन आठवडे त्या माणसानं नकार समजून काढले. आणि हिनं जन्मभर तो किस्सा त्याच्यावर सांगितला. लोकांना हसवलं. त्यानं एकदाही म्हटलं नाही की बाई, तू बोललीच नव्हतीस. नुसतं डब्यावर लिहून ठेवलं, पुढच्याला उपयोगी पडावं म्हणून.

“काखेत कळसा,” ती डोळे पुसत म्हणाली, “आणि मी मेली नर्सकडून कान तपासून आले.”

आता उपाय सोपा होता आणि तोच अवघड होता. मोठ्यानं बोलायचं. आल्गोतला तिनं बजावलं की दाबलं की ‘दाबलंय’ म्हणायचं आणि सोडलं की ‘सोडलंय’, श्वास बाहेर टाकून, भल्या ख्रिस्ती माणसासारखं. आल्गोतनं श्शुप् म्हटलं. डॅग्नीनं पाना चाकावर आपटला. मग पहिल्यांदा त्याला कंठ फुटला तो असा, की शेडमागच्या झाडावरचे कावळे उठले.

“दाबलंय.”

डॅग्नीनं निपल उघडलं. ऑइलबरोबर हवा आली, फुसफुसत, बुडबुड्यांवर बुडबुडे, वर्षानुवर्षांची. निपल घट्ट केलं. “केलं बंद,” ती ओरडली. “आता सोड.” “सोडलंय.” चार चाकं त्यांनी तशी केली. पलीकडच्या घरातली बाई दोनदा कुंपणाशी येऊन गेली. तिनं गावात सांगितलं की डॅग्नी आणि आल्गोत शेडमध्ये भांडतायत, दाबलंय, सोडलंय, काय ते देवाला ठाऊक, या वयात. शेवटी डॅग्नीनं आल्गोतला बाजूला सरकवून स्वतः पॅडल दाबलं. वरच्या वर, दोन बोटं खाली गेल्यावर ते थांबलं. दगडासारखं. तिनं पुन्हा दाबलं. दगड. आपला नवरा इतकी वर्षं ज्याची वाट बघत होता ते हे, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं आणखी दोनदा दाबून घेतलं, त्याच्या वाटचं.

शुक्रवारी पेर्निलानं कुबडी रुळांवर चढवली. डॅग्नी आत बसली होती. पेर्निला खालच्या खड्ड्यात उतरली आणि तिथून म्हणाली, दाब बघू.

“दाबलंय,” डॅग्नी अशी गरजली की शेजारच्या रांगेतल्या माणसानं हातातली फाईल टाकली. पेर्निला खड्ड्यातून डोकं वर काढून बघायला लागली. चार वर्षं इथे काम करतेय, म्हणाली, पण खड्ड्यात उभं असताना इकडच्या माणसाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मी तर अंदाजानंच काम करते. डॅग्नीनं तिला सल्ला दिला की अंदाज करू नकोस पोरी, त्यात माझ्या नवऱ्याचा जन्म गेला.

काटा जिथे जायला हवा तिथे गेला, चारही चाकांचा. पेर्निलानं कागदावर सही केली.

परत येताना चर्चच्या उतारावर डॅग्नीनं एकदा, नुसतं बघायला म्हणून, ब्रेक मारला. कुबडी जागच्या जागी थांबली. मागून येणारा आल्गोत तेवढा तयार नव्हता. तो थांबला, पण खंदकात, बेरींच्या झुडपांत. गाडीला काही झालं नाही, आल्गोतची कंबर मात्र त्या धक्क्यानं सरळ झाली. डॅग्नीनं ते पुढे आपल्या तीन गोष्टींत चौथी म्हणून घातलं, हाडं बसवणं.

घरी पोचल्यावर तिनं कॉफी ठेवली. चीजचे तुकडे काढले. फोन वाजला. रोलँड. त्यानं हवापाण्याचं काही विचारलं नाही. ट्रेलर त्यानं तिकडे स्वतःच्या दारात आणून ठेवला असावा, कारण त्याचा आवाज आधीच दिलगिरीचा होता.

“आई, पास झाली का?”

श्शुप्, डॅग्नी म्हणाली.

 मग रोलँड हळूच म्हणाला, “बरं. असू दे, आई. वाईट वाटून घेऊ नकोस. मी उद्या सकाळी निघतो.”

डॅग्नीनं फोनकडे बघितलं, मग आल्गोतकडे. आल्गोतनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कान झाकले. तिनं पाय जमिनीवर रोवले, ब्रेकवर रोवावेत तसे, छातीत भरपूर हवा घेतली आणि या वेळी ती आत ठेवली नाही.

“हो,” ती म्हणाली. “झाली.”